पिकअपला मोठे टायर घातले आणि घासायला लागले: आता खर्च कुठे करायचा?



जुनी पिकअप घेऊन भाड्याचा धंदा सुरू करणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, गाडी चांगली मिळाली. आधीच्या मालकाने टायर पण मोठे टाकलेत. पण फुल टर्न मारला की घासतात. माल भरला की मागून पण आवाज येतो. काय करू?"

हा प्रश्न गॅरेजचा वाटतो, पण मी त्याला धंद्याचा प्रश्न म्हणतो. कारण तुमच्याकडे गाडी एकच आहे. हप्ता तिच्यावर, डिझेल तिच्यावर, घरखर्च तिच्यावर. सोलापूरच्या बाजार समितीत कांदा घेऊन निघालात आणि मोहोळच्या अलीकडे टायर फुटला, तर नुकसान टायरपुरतं राहत नाही. लिलाव चुकतो, शेतकरी पुढच्या वेळी दुसरी गाडी सांगतो. म्हणून आज या एकाच विषयावर नीट बसून बोलू.

सात रस्त्यावर सकाळी दहा मिनिटं थांबून फक्त पिकअप बघा. चादरी-टॉवेलचे गठ्ठे, युनिफॉर्मची खोकी, भाजी, सिमेंट, पाण्याचे जार, सगळं याच गाड्यांवर चालतं. चौकात वळताना ड्रायव्हरने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की काही गाड्यांमधून खर्रर्र असा आवाज येतो. ड्रायव्हरला त्याची सवय झालेली असते. सवय झाली की आवाज ऐकू येत नाही, टायर मात्र झिजतच राहतो.

आधी आकडा समजून घ्या

टायरच्या बाजूला लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ २१५/७५ आर १५. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के. १५ म्हणजे डिस्कचा व्यास इंचात. आता गुणाकार करा. २१५ चे ७५ टक्के म्हणजे १६१ मिमी. वर-खाली दोन्ही बाजू धरून ३२२.५. त्यात १५ इंच, म्हणजे ३८१ मिमी मिळवा. टायरचा एकूण व्यास ७०३.५ मिमी.

त्याच डिस्कवर २३५/७५ आर १५ टाकला तर व्यास होतो ७३३.५ मिमी. म्हणजे ३० मिमी जास्त. चाकाच्या मध्यापासून धरलं तर वरच्या बाजूला १५ मिमी, शिवाय रुंदीत दोन्हीकडे दहा-दहा मिमी. ऐकायला हे बोटभर अंतर आहे. पण मडगार्ड आणि टायर यांच्यात कंपनीने ठेवलेली जागा काही शोभेची नसते. चाक खड्ड्यात गेलं की वर उचललं जातं, वळताना तिरकं होतं, माल भरला की हौदा खाली येतो. ती जागा या तिन्हींसाठी आहे. त्यातलीच तुम्ही वापरून टाकली.

आता इथेच एक गोष्ट सांगतो जी गॅरेजवाला सांगत नाही, कारण ती त्याच्या कामाची नाही. तुमच्या कामाची आहे.

व्यास ७०३.५ वरून ७३३.५ झाला म्हणजे सव्वाचार टक्के वाढला. चाक एका फेरीत जास्त अंतर कापतं, पण मीटरला ते माहीत नसतं. तो जुन्या टायरच्याच हिशेबाने मोजतो. मीटर १,००० किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी खरं तर १,०४३ च्या आसपास चाललेली असते. तुम्ही मीटर बघून किलोमीटरवर भाडं लावत असाल, समजा १८ रुपये दराने, तर प्रत्येक हजार किलोमीटरमागे ४३ किलोमीटर फुकट गेले. ७७४ रुपये. महिन्याला तीन हजार किलोमीटर होत असतील तर २,३०० रुपयांच्या वर. टायर दुकानात घेताना एकदा पैसे दिले, आणि नंतर दर महिन्याला गिऱ्हाइकाला सूट देताय, तीही त्याला न सांगता!

मीटरवर ६० दिसतं तेव्हा खरा वेग साडेबासष्टच्या पुढे असतो, तेही लक्षात ठेवा. आणि "मोठ्या टायरने ॲव्हरेज पडलं" अशी तक्रार असते, त्यातला काही भाग या मीटरमुळेच दिसणारा असतो. काही भाग मात्र खरा आहे. चाक मोठं म्हणजे सायकल वरच्या गिअरला टाकून चढ चढण्यासारखं. तुळजापूरचा घाट भरल्या गाडीने चढा, क्लच सांगेल.

घासतंय कुठे, हे खडूने शोधा

लोक इथेच चुकतात. घासतंय म्हटलं की थेट स्पेसर टाकायला किंवा पाटे वाढवायला जातात. कुठे घासतंय हेच बघितलेलं नसतं.

दहा रुपयांचा खडू घ्या. चाकाच्या आतल्या बाजूला मडगार्डचं प्लॅस्टिक, मडगार्डची कड, मडफ्लॅप, पाट्यांची बाजू, शॉकअप, चेसीची टायरकडची बाजू, सगळीकडे खडू जाड फिरवा. मग मोकळ्या जागेत सावकाश डावीकडे फुल टर्न, उजवीकडे फुल टर्न, एका स्पीडब्रेकरवरून तिरकी गाडी काढा. उतरून बघा. जिथला खडू पुसला तिथे घासतंय. हेच पुन्हा माल भरून करा. रिकाम्या गाडीवर केलेली तपासणी अर्धीच. धंदा तर भरल्या गाडीवर आहे ना?

फक्त फुल टर्नला पुढे घासत असेल तर प्रश्न वळणाच्या टोकाचा आहे. खड्ड्यात वरच्या बाजूला लागत असेल तर प्रश्न उंचीचा. मागचं चाक माल भरल्यावरच लागत असेल तर टायरच्या आधी वजनाकडे आणि पाट्यांकडे बघा. आणि टायरची आतली बाजू पाट्याला किंवा शॉकअपला लागत असेल तर टायर रुंद आहे किंवा डिस्क चुकीची आहे.

टायरवरची खूणही वाचा. नक्षीच्या कडेला, खांद्यावर घासलं असेल तर रबर वाया जातं, वेळ असतो. पण टायरच्या उभ्या बाजूला, साइडवॉलवर गोल रेघ पडली असेल तर थांबा. तिथे रबर पातळ असतं आणि आत दोऱ्यांचे थर असतात. तिथली जखम पंक्चरसारखी भरून निघत नाही. दोरा दिसला किंवा फुगा आला, तर तो टायर त्या दिवसापासून भंगार. स्टेपनी म्हणूनही ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, रस्ता तापलेला, गाडी भरलेली, आणि तो टायर. पुढचं सांगायला नको.

एक प्रश्न स्वतःला जरूर विचारा: टायर कधी टाकले आणि घासणं कधी सुरू झालं? टायर वर्षभरापासून तेच आहेत आणि आवाज मागच्या महिन्यापासून येतोय, तर टायर वाढलेला नाही. गाडी बसली आहे. पाटे बसले, एखादा पाटा तुटला, सेंटर बोल्ट तुटून एक्सल एका बाजूने सरकला, बुश संपले, बेअरिंगला खेळ आला, यातलं काहीतरी आहे. घरच्या घरी मोजता येतं. सपाट जागी रिकामी गाडी उभी करा, चाकं सरळ ठेवा. टेपने चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची डावी-उजवीकडे मोजा. एका बाजूला बराच फरक असेल तर तिकडचे पाटे बसलेत. मग पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. ते सारखं आलं नाही तर एक्सल जागेवर नाही. अशा गाडीला नवे टायर टाकणं म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरणं.

उपाय, आणि प्रत्येकाची किंमत

सगळ्यात स्वस्त काम मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकचं आणि मडफ्लॅपचं. प्लॅस्टिक सैल झालेलं असतं, क्लिपा गेलेल्या असतात, ते लोंबून टायरला लागतं. नीट बसवलं किंवा थोडं कापलं की कित्येक गाड्यांचा आवाज तिथेच थांबतो. मडगार्डची आतली कड आत दुमडता येते. पत्रा उघडा पडला तिथे लगेच प्रायमर आणि रंग मारून घ्या, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात गंज धरेल.

पत्र्यापर्यंत ठीक. चेसीला मात्र हात लावू देऊ नका. "थोडंसं गॅसने कापतो, काही होत नाही" असं कोणी म्हणालं तर चावी घ्या आणि निघा. भरलेल्या गाडीचं सगळं वजन त्या लोखंडावर आहे.

फुल टर्नलाच घासत असेल तर स्टिअरिंगच्या स्टॉपर बोल्टची सेटिंग असते. तो थोडा बाहेर काढला की चाक आधीच थांबतं, टायर लागत नाही. काम लहान आहे, पण माहीतगार माणसाकडूनच करा आणि दोन्ही बाजू सारख्या ठेवा. याची किंमत वळणात मोजावी लागते. जिथे गाडी एका झटक्यात वळत होती तिथे मागे-पुढे करावं लागेल. तुमचं काम शहरातल्या गल्ल्यांमध्ये, पेठांमध्ये माल उतरवण्याचं असेल तर दिवसातून वीस वेळा हे जाणवेल. हायवेचं काम असेल तर फारसं नाही.

पाटे वाढवणं हा सोलापूरकरांचा आवडता उपाय. पाटा टाकला की मागचा हौदा उचलला जातो आणि माल भरल्यावर लागणारं घासणं कमी होतं, हे खरं. पण पुढच्या फुल टर्नच्या घासण्यावर मागच्या पाट्याचा उपयोग शून्य. रिकामी गाडी उड्या मारायला लागते. द्राक्षं, डाळिंब, अंडी, काचेचा माल नेणाऱ्याने हा विचार आधी करावा. आणि पाटा वाढवला म्हणून आरसी बुकातलं वजन वाढत नाही. भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर घेऊन जा आणि आरसीतल्या एकूण वजनाशी ताडून बघा. जास्त वजनाचा दंड आज किमान २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० आहे. मागच्या घासण्याचं खरं कारण कधी कधी काट्याच्या चिठ्ठीवर सापडतं.

स्पेसर. डिस्क आणि हब यांच्यात टाकायची चकती. चाक बाहेर सरकतं, आतलं घासणं बंद. मग बाहेरची बाजू मडगार्डच्या कडेला लागायला लागते! शिवाय चाक बाहेर गेलं की बेअरिंगवर आणि स्टडवर ताण वाढतो, आणि स्पेसरच्या जाडीमुळे नट पूर्ण आट्यांवर बसत नाहीत असंही होतं. हौसेच्या रिकाम्या गाडीवर कोणी काय लावावं हा त्याचा प्रश्न. टनभर माल घेऊन रोज चालणाऱ्या गाडीला माझं मत स्पष्ट आहे: नको.

हवा कमी करून तर कधीच बघू नका. हवा कमी म्हणजे टायर खाली बसतो, बाजू जास्त फुगते, जास्त वाकते, जास्त तापते. हवा सकाळी टायर थंड असताना, गाडीच्या दरवाज्याजवळच्या स्टिकरवर किंवा माहितीपुस्तकात दिली असेल तेवढी. दुपारी तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते म्हणून काढू नका.

आणि शेवटचा उपाय, जो कोणाला ऐकायला आवडत नाही: कंपनीने सांगितलेल्या मापाचे टायर परत बसवा. समजा नव्या चार टायरना ३२,००० लागले आणि सहा महिने वापरलेले मोठे टायर १७,००० ला गेले. तुमच्या खिशातून १५,०००. दुसरीकडे स्पेसर, पाटे, कटिंग, अलाइनमेंट यांचं बिल समजा १३,००० झालं. दोन हजार वाचले म्हणून खूश व्हाल, पण मीटरचा घोळ तसाच, क्लचचा त्रास तसाच, आणि बेअरिंगचं बिल अजून यायचंय. हे आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमच्या गावात तीन दुकानांत विचारून स्वतःचे टाका. नव्या टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे, तेव्हा जुना भाव डोक्यात ठेवून बोलू नका, आणि पक्कं बिल घ्या.

जाड टायर म्हणजे ताकदवान टायर नव्हे

हे मी व्हिडिओत घाईत सांगितलं होतं, इथे नीट सांगतो. मापाच्या पुढे टायरवर एक आकडा आणि अक्षर असतं. तो आकडा म्हणजे लोड इंडेक्स, एक टायर किती वजन पेलतो त्याचा कोड. १०० म्हणजे ८०० किलो. १०५ म्हणजे ९२५. १०८ म्हणजे १,०००. ११० म्हणजे १,०६०. ११२ म्हणजे १,१२०. कुठे १०६/१०४ असे दोन आकडे असतील तर पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. तुमच्या पिकअपला पहिलाच बघायचा.

आता गंमत बघा. एसयूव्हीसाठी बनवलेला रुंद, रुबाबदार टायर १०५ चा असू शकतो, आणि मालवाहू गाडीसाठी बनवलेला अरुंद टायर त्यापेक्षा जास्त वजन पेलणारा असू शकतो. डोळ्यांना उलटं दिसतं. गाडी भारी दिसावी म्हणून तुम्ही पेलण्याची ताकद कमी केली, आणि वरून माल तोच भरला. म्हणून दुकानात माप विचारू नका, माप आणि लोड इंडेक्स दोन्ही विचारा. मूळ टायरच्या आकड्यापेक्षा कमी आकडा कधीही घ्यायचा नाही.

स्टेपनीही त्याच मापाची हवी. एका एक्सलवर एक मोठा आणि एक लहान टायर लावून लांब चालवलं तर डिफरन्शियलला विनाकारण काम लागतं. चारही मोठे आणि स्टेपनी जुनी, ही जुन्या बाजारातल्या गाड्यांची ठरलेली कहाणी आहे.

कायदा काय म्हणतो

थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही ज्यामुळे आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेल्या बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. काही मॉडेलना कंपनी स्वतःच एकापेक्षा जास्त मापं देते. तुमच्या मॉडेलचं माहितीपुस्तक उघडा, त्यात असेल ते माप बिनधास्त टाका.

व्यवसायाच्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतो. त्या दिवशी टायर बदलून नेणारे आणि परत आल्यावर पुन्हा मोठे चढवणारे लोक आहेत. फिटनेस मिळतो. पण अपघात झाला आणि विम्याचा सर्व्हेअर आला, तेव्हा गाडीवर जे टायर असतील तेच तो बघणार.

जुनी पिकअप घ्यायला निघाला असाल तर

सौदा बोलण्याआधी खाली वाका. चारही टायर आणि स्टेपनीचं माप लिहून घ्या, स्टिकरशी जुळवा. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते. २३२३ म्हणजे २०२३ सालचा तेविसावा आठवडा. मडगार्डच्या आत हात घालून बघा, प्लॅस्टिक घासून चकचकीत झालंय का, पत्र्याला ताजा काळा रंग मारलाय का. मग माल नसला तरी चार माणसं मागे बसवून जागच्या जागी फुल टर्न मारा. मोठे टायर हे "एक्स्ट्रा" आहेत असं विकणारा सांगेल. तुम्ही ते खर्चाच्या बाजूला लिहा आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी मागा. मीटरवर दिसणारे किलोमीटरही खरे किलोमीटर नाहीत, हे आता तुम्हाला माहीत आहे. ८०,००० दाखवत असेल आणि सगळे याच मोठ्या टायरवर झाले असतील तर गाडी ८३,००० च्या पुढे गेलेली आहे.

तुमच्यातले काही जण टायर-अलाइनमेंटचं दुकान टाकायच्या विचारात आहेत. त्यांच्यासाठी यात एक काम दडलेलं आहे. खडू, टेप, आणि एका छापील कागदावर चार मोजमापं: उंची डावी-उजवी, एक्सलचं अंतर डावं-उजवं, टायरचं माप, लोड इंडेक्स. गिऱ्हाइकाला पंधरा मिनिटांत हा कागद भरून द्या, माफक पैसे घ्या, आणि टायर विकत घेतले तर ते पैसे बिलातून वजा करा. पिकअपवाले एकमेकांना दुकानं सांगतात. जो मोजून बोलतो त्याच्याकडे दुसरी गाडी येते. जो बघताक्षणी "स्पेसर टाका" म्हणतो त्याच्याकडे तीच गाडी परत येते, भांडायला.

कोणताही उपाय करा, शेवटी अलाइनमेंट करून घ्या आणि खडूची तपासणी भरल्या गाडीवर पुन्हा करा. चाकं काढून बसवली असतील तर पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत, म्हणजे सोलापुरातून निघून पंढरपूरला माल उतरवलात की तिथेच, पाना काढून सगळे नट एकदा परत आवळा.